आईचे दूध आणि आईचे ताट

तान्हे बाळ सारखे रडू लागले, रात्री झोपेना झाले किंवा त्याचे वजन मनासारखे वाढेना झाले, की आपल्या घरांत पहिली शंका आईच्या दुधावर घेतली जाते आणि दुसरी तिच्या जेवणावर. दूध पातळ आहे, दुधात कस नाही, काल ताक प्यायलीस म्हणून आज बाळाला सर्दी झाली, ही वाक्ये शिकल्यासवरल्या घरांतही सर्रास ऐकू येतात. ती ऐकणारी बाई नुकतीच बाळंतीण झालेली, थकलेली आणि स्वतःबद्दल आधीच साशंक झालेली असते. आईच्या आहाराचा दुधावर नेमका काय परिणाम होतो, याचे उत्तर आता पुरेसे स्पष्ट आहे. दुधाचा मोठा भाग आईच्या जेवणाने बदलत नाही, थोडा पण महत्त्वाचा भाग निश्चित बदलतो, आणि जो भाग बदलत नाही तो तसा राखण्याची किंमत आईचे शरीर चुकवते. बाळंतिणीच्या खाण्याबद्दलचे आपले घरगुती नियम आणि सरकारी योजना, दोन्ही या वस्तुस्थितीशी मेळ न ठेवता चालत आल्या आहेत, असे माझे मत आहे.

प्रथम न बदलणाऱ्या भागाकडे पाहू. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ८७ ग्रॅम पाणी, ७ ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज ही दुधातली साखर, साडेतीन ते चार ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि जेमतेम एक ग्रॅम प्रथिने असतात, आणि त्यातून बाळाला ६५ ते ७० कॅलरी मिळतात. लॅक्टोज स्तनातल्या पेशींमध्येच तयार होते आणि तेच दुधात पाणी ओढून घेते. त्यामुळे आई काय जेवली याच्याशी दुधातल्या साखरेचा आणि पाण्याचा संबंध फारसा उरत नाही. दूध किती येणार हे मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती नीट ओढते यावर ठरते, कारण स्तन जितका रिकामा होतो तितक्या वेगाने पुढचे दूध तयार होते. पहिल्या सहा महिन्यांत केवळ अंगावर पिणारे बाळ दिवसाकाठी साधारण पाऊण लिटर दूध पिते, आणि जगातल्या अत्यंत वेगवेगळ्या आहारांवर वाढलेल्या स्त्रिया एवढे दूध देताना आढळतात.

आपल्या देशात हे फार पूर्वी नोंदले गेले. कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन यांनी १९५०च्या दशकात गरीब वस्त्यांतील स्तनदा मातांचा अभ्यास केला. अर्धपोटी राहणाऱ्या या स्त्रिया महिनोन्‌महिने मुलांना अंगावर पाजत होत्या. त्यांच्या दुधातील प्रथिनांचे प्रमाण सुस्थितीतील स्त्रियांच्या जवळपास होते, जीवनसत्त्वे मात्र कमी होती. पुढे १९८०च्या सुमारास पश्चिम आफ्रिकेतील गांबिया देशाच्या केनेबा या खेड्यात ब्रिटिश संशोधकांनी उलट्या दिशेने प्रयोग केला. त्यांनी पाजणाऱ्या मातांना रोज सुमारे ७०० कॅलरींचा जादा आहार दिला. दूध वाढले नाही. मातांचे स्वतःचे वजन मात्र काहीसे वाढले. ज्या बायकांना अन्न कमी पडत होते त्यांचे दूध तोवर तुटले नव्हते, तुटत होते ते त्यांचे शरीर, आणि जादा अन्न मिळताच ते आधी तिथे गेले. दीर्घ उपासमार किंवा गंभीर आजार असेल तर दूधही घटते, यात शंका नाही. पण आपल्याकडे ज्या बहुसंख्य बायकांच्या दुधाला नावे ठेवली जातात, त्यांची स्थिती तशी नसते.

‘पातळ दुधा’चे काय, असा प्रश्न इथे येतो. बाळ प्यायला लागते तेव्हा पहिल्या काही मिनिटांचे दूध निळसर आणि पाण्यासारखे दिसते. स्तन रिकामा होत जातो तसे स्निग्ध पदार्थांचे प्रमाण वाढत जाते आणि शेवटचे दूध दाट, पिवळसर पांढरे होते. एकाच वेळच्या पाजण्यात, एकाच स्तनातून, स्निग्धांश दुपटी-तिपटीने वाढू शकतो. म्हणजे सुरुवातीचे चार चमचे वाटीत पिळून, उजेडात धरून दुधाचा कस ठरवणे ही पद्धतच चुकीची आहे. शेजारी म्हशीचे दूध ठेवले तर तुलना आणखी अन्यायाची होते, कारण म्हशीच्या दुधात स्निग्धांश सुमारे दुप्पट आणि प्रथिने त्याहून कितीतरी जास्त असतात. ते रेडकाच्या वाढीच्या वेगासाठी आहे. या परीक्षेत नापास झालेल्या आईच्या बाळाला वरचे दूध सुरू होते, वरच्या दुधाने बाळाची भूक भागते, ते अंगावर कमी ओढते, आणि मग दूध खरोखरच कमी होते. घरातल्यांना वाटते, आपण म्हणत होतो तेच खरे निघाले.

आता किंमत कोण भरते ते पाहू. दुधातून रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम बाळाला जाते. आईने दूध-नाचणी खाल्ली तरी आणि न खाल्ली तरी दुधातील प्रमाण जवळपास तेच राहते, कारण शरीर ते हाडांतून काढून देते. पाजण्याच्या काळात स्त्रीच्या हाडांतले खनिज साधारण ३ ते ५ टक्क्यांनी घटते आणि दूध तोडल्यावर भरून येते. ते नीट भरून येण्याआधीच पुढचे गरोदरपण आले आणि ताटात फारसे काही नसले, तर काय होत असेल याचा विचार करावा. फोलेट, जस्त, तांबे आणि लोह यांचेही तसेच आहे: दुधातले प्रमाण आईच्या आहाराला फारसे दाद देत नाही. लोह तर मुळातच दुधात अगदी कमी असते. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. यांपैकी बाळंतिणींच्या दुधात लोहाचे प्रमाण सामान्यच असणार. म्हणून दुधाकडे पाहून आईची प्रकृती कळत नाही, आणि बाळ बाळसेदार दिसते म्हणून आईचे ठीक चालले आहे असेही मानता येत नाही.

आईच्या ताटावर खरोखर अवलंबून असलेला भाग निराळा आहे आणि त्याची चर्चा घराघरांत जवळजवळ होतच नाही. ब गटातील थायमिन, रायबोफ्लेविन, ब-६ आणि ब-१२, तसेच अ जीवनसत्त्व, आयोडीन आणि सेलेनियम हे घटक आईला कमी पडले तर दुधातही कमी पडतात. थायमिनचे उदाहरण सर्वांत जुने. भारतीय पोषण संशोधनाची सुरुवातच त्यातून झाली: आज हैदराबादेत असलेली राष्ट्रीय पोषण संस्था १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांच्या एका खोलीत, थायमिनच्या अभावाने होणाऱ्या बेरीबेरी या रोगाच्या चौकशीसाठी सुरू झाली. सडलेल्या, म्हणजे कोंडा काढून टाकलेल्या, पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्या समाजांत आई वरकरणी बरी दिसत असताना अंगावर पिणारी दोन-चार महिन्यांची बाळे हृदय निकामी होऊन दगावत. तांदळाच्या कोंड्यात असलेले थायमिन सडताना निघून जाते, उरलेले धुताना जाते. हा इतिहासजमा झालेला विषय नाही. लाओसमध्ये बाळंतिणीला भाताखेरीज फारसे काही न देण्याच्या कडक पथ्यामुळे बाळांना बेरीबेरी होत असल्याचे या शतकातही दिसून आले, आणि काश्मीरमधील बालरोगतज्ज्ञांनी गेल्या काही वर्षांत अशीच बाळे नोंदवली आहेत. त्यांच्या आया पांढरा, पुन्हा पुन्हा धुतलेला तांदूळ आणि बाळंतपणातला ठरावीक, तोकडा आहार घेत होत्या. अत्यवस्थ अवस्थेत आणलेले असे बाळ थायमिनच्या इंजेक्शनने काही तासांत सावरते. आपल्याकडे कोकण-गोव्याच्या उकड्या तांदळाच्या पेजेने आणि देशावरच्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीने या आजाराला बरेच दूर ठेवले, कारण भात उकडताना थायमिन कोंड्यातून दाण्यात शिरते आणि भाकरीचे धान्य सडले जात नाही. बाळंतिणीला भाकरी जड म्हणून बंद करून आठवडेच्या आठवडे केवळ मऊ पांढरा भात आणि तूप देणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यायला हवे.

महाराष्ट्रापुरता सर्वांत गंभीर प्रश्न ब-१२चा आहे, असे मला वाटते. १९६२ साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सहा बाळांचे वर्णन प्रसिद्ध केले. सगळी अंगावरच पिणारी होती. ती सुस्त झाली होती, हसणे, मान धरणे, बसणे अशा शिकलेल्या गोष्टी विसरत चालली होती, त्यांची कातडी काळवंडली होती, रक्त कमी होते, काहींचे हातपाय थरथरत होते. त्यांच्या आयांच्या दुधात ब-१२ फार कमी होते. हे जीवनसत्त्व मिळाल्यावर बाळे सुधारली. अशी थरथरणारी, मागे पडलेली, बहुधा गुटगुटीत दिसणारी बाळे आजही आपल्या बालरोग विभागांत येतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यात दोन-तृतीयांश स्त्रियांत ब-१२ कमी आढळले, फोलेटची कमतरता मात्र जवळपास नव्हतीच. ब-१२ वनस्पतिजन्य अन्नात नसते. मांस, मासे, अंडी आणि दूध-दही-ताक एवढेच त्याचे नेहमीचे स्रोत आहेत. जी बाई शाकाहारी आहे, किंवा मांसाहारी असूनही जिच्या वाट्याला महिन्यातून एखादे वेळी रस्सा येतो, तिच्यासाठी दूध-दही-ताक हा जवळजवळ एकमेव आधार असतो. आणि नेमके दही-ताकच ‘थंड’ आणि ‘आंबट’ म्हणून तिच्या ताटातून काढले जाते. बाळाला सर्दी होऊ नये म्हणून पाळलेले हे पथ्य बाळाच्या मेंदूच्या वाढीला लागणारी गोष्टच कमी करते. आपल्या पथ्यांपैकी मला याच एका पथ्याची सर्वांत जास्त चिंता वाटते.

सरकारी गोळ्यांकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक गोळी द्यायची असते. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल, म्हणजे फोलेटचेच एक रूप, असते. ही गोळी आईसाठी अत्यावश्यक आहे आणि ती बंद करण्याचा प्रश्नच नाही. पण तिच्यातले दोन्ही घटक असे आहेत की त्यांचे दुधातील प्रमाण आईच्या सेवनाने फारसे हलत नाही, आणि जो घटक आईने घेतल्यास दुधातून थेट बाळापर्यंत पोहोचतो, ज्याची कमतरता आपल्या खेड्यांत मोजून दाखवली गेली आहे, तो ब-१२ तीत नाही. रक्तक्षयाच्या दृष्टीनेही तो हवा, कारण रक्तपेशी घडायला लोह-फोलेटइतकीच त्याची गरज असते. हे औषध महाग नाही. गोळीत ते घालण्याची मागणी आता जोरकसपणे व्हायला हवी.

स्निग्ध पदार्थांचे एकूण प्रमाण आहाराने फारसे बदलत नसले तरी त्यांचा प्रकार बदलतो, तोही काही तासांत. आईने खाल्लेल्या तेलातुपातील मेदाम्ले दुधात उतरतात. वनस्पती तुपातले घातक ट्रान्स मेद पूर्वी याच वाटेने बाळांपर्यंत जात. २०२२पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते तेल-तुपात २ टक्क्यांवर आणले, हा तान्ह्या बाळांच्या हिताचाही निर्णय होता. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारे डीएचए हे मेदाम्ल बांगडा, तारली अशा स्वस्त, तेलकट माशांत भरपूर असते. जवसाची चटणी उत्तम अन्न आहे, तिने दुधातले ओमेगा-३चे एक रूप वाढते, पण डीएचए वाढत नाही, हे शाकाहाराचा अभिमान बाळगणाऱ्यांनीही मान्य करायला हवे. ड जीवनसत्त्व दुधात एरवीच तुटपुंजे असते, म्हणून प्रत्येक बाळाला रोज ४०० युनिट थेंबांतून द्यावे असे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. त्याचा दोष आईकडे जात नाही.

मग बाकीच्या पथ्यांचे काय? वातूळ भाज्या आणि डाळी खाल्ल्याने बाळाला गॅस होतो, ही समजूत टिकत नाही. वायू आईच्या आतड्यात तयार होतो आणि तो रक्तातून दुधात जात नाही. आईने थंड पाणी प्यायल्याने दूध थंड होत नाही, आणि आंबट खाल्ल्याने दूध नासत नाही. पाणी कमी प्यायला लावणे तर उघड चूक आहे. त्याने बद्धकोष्ठ आणि लघवीचा त्रास आईला होतो. दुधात उतरते ते वेगळेच काही: चव आणि वास. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात आयांना लसणाच्या गोळ्या दिल्यावर सुमारे दोन तासांनी दुधाला लसणाचा वास येऊ लागला आणि बाळे त्या वेळी स्तनाला अधिक वेळ चिकटून राहिली. घरच्या भाजी-आमटीची ओळख बाळाला अशी होत असेल तर तिखट-मसाल्याचे अन्न सरसकट तोडण्याचे कारण नाही. चहा-कॉफीतील कॅफीन, दारू आणि तंबाखूतील निकोटीन मात्र दुधात उतरतात. मिश्री लावणाऱ्या आजीकडून सुनेकडे गेलेली सवय लिंबू-कैरीपेक्षा कितीतरी काळजीची आहे, पण ती पथ्याच्या यादीत सहसा नसते. गाईच्या दुधातील प्रथिनांचा अल्पसा अंश आईमार्फत बाळाला पोहोचून क्वचित एखाद्या बाळाला रक्तमिश्रित शी होणे असा त्रास होतो. तेव्हा डॉक्टरच्या सल्ल्याने आईचे दूध-दही काही काळ थांबवावे लागते. हा अपवाद आहे आणि तो अपवाद म्हणूनच हाताळला पाहिजे.

परंपरेवर सरसकट टीका करण्याचा माझा हेतू नाही. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, खोबरे, खसखस, तूप, मेथी, बाळंतशेपा हे सगळे आईच्या भल्यासाठी कुणीतरी विचारपूर्वक जमवलेले अन्न आहे. मेथी किंवा शतावरीने पान्हा वाढतो याचा पुरावा कच्चा आहे. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशींनुसार पाजणाऱ्या स्त्रीला पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० आणि पुढच्या सहा महिन्यांत ५२० कॅलरी जास्त लागतात, आणि त्या लहानशा घासांत भरून देणारे लाडवासारखे दुसरे अन्न स्वयंपाकघरात क्वचितच असेल. सव्वा महिन्याच्या विश्रांतीने आई बाळाजवळ राहते, बाळ हवे तेव्हा पिते, आणि दूध त्यानेच वाढते. अडचण अशी की ही परंपरा ज्यांना परवडते त्यांच्याच घरी पूर्ण पाळली जाते. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यातली बाई बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत पुन्हा मोळ्या उचलते. तिच्यापर्यंत लाडू पोहोचत नाहीत, ‘हे खाऊ नकोस’ची यादी मात्र पोहोचलेली असते. गरीब घरात पथ्य म्हणजे आधीच रिकाम्या ताटातून आणखी काही काढणे असते.

म्हणून हा सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर स्त्रीला आणि बाळंतपणानंतर सहा महिने प्रत्येक स्तनदा मातेला अंगणवाडीमार्फत मोफत आहाराचा आणि किमान ६००० रुपयांच्या मातृत्व लाभाचा हक्क दिला. प्रत्यक्षात मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये हप्त्यांनी मिळतात. २०१७पासूनची २६ आठवड्यांची पगारी रजा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांतल्या बायकांना लागू आहे, शेतमजूर, वीटभट्टी आणि घरकाम करणाऱ्या बायकांना नाही. महाराष्ट्राने २०१५ साली आदिवासी भागासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तीत अंगणवाडीत भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी आणि सोबत अंडे, केळी किंवा नाचणीचा हलवा असे एक वेळचे पूर्ण गरम जेवण आईला तिथेच बसून मिळते. बसून हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण घरी नेलेला कोरडा शिधा सगळ्या कुटुंबात वाटला जातो आणि बाळंतीण सर्वांत शेवटी जेवते. ही योजना आदिवासी तालुक्यांपुरती ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. मराठवाड्यातील आणि शहरी झोपडपट्ट्यांतील बाळंतिणीचे शरीर निराळ्या नियमांनी चालत नाही. जेवणात रोज अंडे असावे आणि अंडे न खाणाऱ्यांना वाटीभर दही किंवा पेलाभर दूध मिळावे. केळी चांगले फळ आहे, पण ते अंड्याच्या जागी बसत नाही, कारण त्यात ब-१२ नाही.

आईच्या आहारावर इतका भर दिला तर ‘नीट खात नसशील तर तुझ्या दुधाचा उपयोग नाही’ असा संदेश जाईल आणि डब्याच्या पावडरीचा बाजार वाढेल, असा आक्षेप काही स्तनपान समुपदेशक घेतात. त्यांची भीती निराधार नाही. १९९२च्या कायद्याने बाळाच्या पावडरीच्या जाहिरातींवर बंदी घालावी लागली ती याच भीतीच्या व्यापारामुळे. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगता येतात आणि सांगायलाच हव्यात: कुपोषित आईचे दूधही बाळासाठी पावडरीपेक्षा सरस आहे, त्यातली संरक्षक द्रव्ये डब्यात मिळत नाहीत, आणि तरीही त्या आईला अंडे, दही आणि गोळी मिळायलाच हवी, आधी तिच्यासाठी आणि मग बाळासाठी. एखाद्या घटकाची दुधात कमतरता असेल तर तो आईला द्यायचा, दूध तोडायचे नाही.

हे घराघरांत सांगणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशा ताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते, बाळाचे वजन आणि ताप पाहते. तिच्या नोंदीच्या नमुन्यात आई २४ तासांत किती वेळा पोटभर जेवते हा प्रश्नही आहे. ती काय जेवते, हा प्रश्न त्याला जोडावा: काल दूध, दही, अंडे किंवा मासे यांपैकी काही ताटात होते का, आणि काय बंद केले आहे, कोणी सांगितले म्हणून. हा प्रश्न सासू-नवऱ्याच्या समोर, मोठ्याने विचारला जावा, आणि उत्तर ‘नाही’ आले तर त्या घरासाठी अंगणवाडीतले जेवण त्याच आठवड्यात सुरू व्हावे.